समुद्र न दिसणारी खोली

मंगळवार, ८ जानेवारी. उणे एकतीस, वारा वायव्येकडून.

चौतीस वर्षं कॅनडातल्या मॅनिटोबाच्या हमरस्त्यांवर बर्फ काढायचा ट्रक चालवला. रोज पाळी संपली की नोंदवहीत तापमान, वारा आणि कुठे काय अडलं ते लिहायचं, अशी सवय. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं काही लिहिलं नाही. आज पुन्हा वही काढली, कारण एक काम अंगावर आलंय आणि ते मला झेपेल असं वाटत नाही.

काल आमचा युक्रेनी लोकांचा, म्हणजे जुन्या पंचांगाचा ख्रिसमस. लेक तमारा विनिपेगहून आली होती. बीटाचं सूप वाढता वाढता म्हणाली, "टाटो, जूनमध्ये तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. आईला एकदा तरी उबदार जागी ने. कॅरिबियनला जा. एकदा पैसे भरले की राहणं, खाणं, पिणं सगळं त्यातच. तुला फक्त हॉटेल निवडायचंय."

"फक्त!" मी म्हणालो.

माझी बायको स्टेफी उठली. ताटं उचलून आत गेली. मला वाटलं, आता 'नको' म्हणून येणार. पण आतून आवाज आला, "निवड तूच. घाई मात्र करू नकोस. मार्चच्या मध्याआधी मला जमणार नाही."

मार्चच्या मध्यापर्यंत हिला कसलं काम? चर्चचं असणार. दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी गावातल्या बायका चर्चच्या हॉलमध्ये पेरोगी करतात, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या. ऑक्टोबरपासून स्टेफीने एक दिवस चुकवलेला नाही. आजही गेली होती. एवढ्या थंडीत परतली तेव्हा केस ओले आणि पुढच्या दोन बटा गोठून काडीसारख्या ताठ. म्हटलं, "अगं, डोकं पुसून तरी निघायचं." म्हणाली, "पातेल्यांची वाफ."

बुधवार, ९ जानेवारी. उणे अठ्ठावीस.

मुख्य अडचण लिहून ठेवतो.

स्टेफी नऊ वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ पेत्रो त्यांच्या शेतावरच्या तळ्यात पोहायला उतरला आणि वर आलाच नाही. तो बारा वर्षांचा होता. ही काठावर त्याचे बूट धरून उभी होती. हे तिने मला लग्नाआधी एकदा ट्रकमध्ये बसून सांगितलं, त्यानंतर पेत्रोचं नाव आमच्या घरात निघालेलं नाही. चाळीस वर्षांत तिने कुठल्याही तळ्यात पाऊल टाकलेलं नाही. आंघोळीच्या टबातसुद्धा वीतभरापेक्षा जास्त पाणी घेत नाही.

तेव्हा मला हवंय ते असं: समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल, जिथे समुद्राचा त्रास नाही.

शुक्रवार, ११ जानेवारी. उणे चोवीस.

बेव्ह सिगर्डसनकडे गेलो. गावात प्रवासाची तिकिटं काढून देणारी ती एकटीच. काल गेलो होतो तर दारावर पाटी, 'मंगळवार-गुरुवार दुपारी बंद'. कसला धंदा करते देव जाणे.

मी म्हणालो, "मला समुद्र न दिसणारी खोली पाहिजे."

बेव्हने चष्मा काढला. "ओरेस्ट, लोक मला समुद्र दिसावा म्हणून पैसे देतात. दिसला नाही तर परत येऊन भांडतात."

"मला दिसला तर मी भांडेन."

"कशासाठी?"

"स्टेफीसाठी. तुला माहितीये, पाणी बघून तिची काय अवस्था होते ते."

बेव्ह पेन्सिल चावत माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "तिला विचारलंस?"

"अशा गोष्टी विचारायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात."

यावर ती एकदम खोकायला लागली. तिला पाणी आणून दिलं. सात हॉटेलांची चित्रांची पुस्तकं घेऊन घरी आलो.

सोमवार, १४ जानेवारी. उणे एकोणीस. हवा मऊ.

सकाळी कॉफीला नेस्टर भेटला. हा अकरा वेळा कॅरिबियनला जाऊन आलाय, त्यामुळे गावात स्वतःला कोलंबस समजतो.

"हॉटेलात तीनच गोष्टी बघायच्या," त्याने बोटं वर केली. "बार किती वाजता उघडतो, बार किती वाजता बंद होतो, आणि मधे किती चालावं लागतं."

"आणि समुद्र?"

"असतो ना तो तिकडे. मी कधी गेलो नाही."

"अकरा वेळा गेलास आणि समुद्रात उतरला नाहीस?"

"वाळू शिरते रे बुटात."

"यंदा मार्चमध्ये गेलास तर ईस्टरच्या आधीचे उपवास येतील. फादरना काय सांगणार?"

"उपवासात मासे चालतात. आणि रम उसाची असते, म्हणजे भाजीच की."

घरी येऊन इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचले. पाल्मा ब्लांका नावाच्या हॉटेलाबद्दल टोरोंटोचा एक माणूस लिहितो, 'नरक! पलंगावर टॉवेलची घडी घालून हंस केला नव्हता.' रेजायनाची बाई त्याच हॉटेलाबद्दल लिहिते, 'सुंदर. अंगावर कोट नव्हता.' मी ठरवलंय, ज्याने आमच्यासारखी थंडी सोसलीये त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा. टोरोंटोवाले बाद.

शनिवार, १९ जानेवारी. उणे सव्वीस.

जेवणानंतर स्टेफीसमोर पुस्तकं मांडली. पाल्मा ब्लांका दाखवलं. खोल्या बागेत, पुढे भिंत.

"पोहण्याचा तलाव कुठाय?" तिने विचारलं.

"लांब आहे, घाबरू नकोस. मधे टेनिसचं मैदान आहे."

"मग नको. फार मोठं दिसतंय."

दुसरं दाखवलं. "यात समुद्र किती लांब?"

"छोट्या बसने दहा मिनिटं."

"बस लागते पोटाला."

तिसऱ्यात पडदे तिला आवडले नाहीत. चौथ्याचं नाव. मी म्हणालो, "नावात काय झोपायचंय?" तर म्हणाली, "ओरेस्ट, तू खूप कष्ट घेतोयस," आणि माझ्या टकलावर हात ठेवून झोपायला गेली.

तिला जायचंच नसावं. पण तोंडाने तसं म्हणत नाही. पाण्याचं मनात घेऊन बसलीये हे स्वच्छ दिसतंय. प्रत्येक हॉटेलाबद्दल पहिला प्रश्न तोच.

बुधवार, २३ जानेवारी. उणे तेहतीस.

न्हाणीघराच्या नळात बिघाड आहे. स्टेफी टबात असली की आतून गुडगुड, गुडगुड असा आवाज येतो, मग थांबतो, मग मोठ्ठा सुस्कारा, मग पुन्हा गुडगुड. पाईपमध्ये हवा अडकली असणार. ती बाहेर आल्यावर पाना घेऊन तासभर टबाखाली आडवा होतो. सगळं ठाकठीक. ती दारात उभी राहून म्हणाली, "राहू दे रे, आपोआप बंद होईल. मार्चपर्यंत."

पाईपला काय कळतंय मार्च!

सोमवार, २८ जानेवारी.

स्टेफीच्या पायात गोळे येत असावेत. आज दुपारी झोपायच्या खोलीत गेलो तर पलंगावर पालथी पडून दोन्ही पाय सटासट आपटत होती. मी धावत जाऊन मलमाची डबी आणली. तिने उशीत तोंड खुपसलं. खांदे हलत होते. खूप दुखत असणार. दोन्ही पोटऱ्या चांगल्या चोळून दिल्या.

टपालाने एक पुडकं आलंय. निळं, पोहण्याच्या पोशाखासारखं काहीतरी. "तमारासाठी मागवलंय," म्हणाली. तमारा आईपेक्षा वीतभर उंच आहे, पण कपड्यांतलं मला कळत नाही.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी. उणे बावीस, बारीक हिमवर्षाव.

सापडलं! 'हासिएंडा वेर्दे', डोमिनिकन प्रजासत्ताकात. आंब्याच्या बागेच्या मधोमध. समुद्र तीन किलोमीटर लांब, दिसत नाही, ऐकूही येत नाही. तलाव आहे पण डागडुजीसाठी रिकामा ठेवलाय. रिकामा! माझा विश्वास बसेना.

बेव्ह म्हणाली, "ओरेस्ट, नक्की हेच?"

"नक्की."

"कॅरिबियनला जाऊन कोरड्या तलावापाशी बसणार तुम्ही?"

"हो."

"अजून एक आठवडा थांबतोस? महिनाभर?"

"बेव्ह, तुला धंदा करायचाय की नाही?"

तिने माझ्याकडे न बघता कागद भरले. १६ ते २३ मार्च.

गुरुवार, १४ फेब्रुवारी. उणे सतरा.

आज प्रेमाचा दिवस म्हणे, म्हणून न्याहारीला स्टेफीच्या बशीखाली तिकिटांचं पाकीट ठेवलं. तिने वाचलं. मी सगळं समजावून सांगितलं: आंब्याची झाडं, तीन किलोमीटर, रिकामा तलाव. "तुला एक थेंबसुद्धा पाणी दिसणार नाही," मी म्हणालो, "तहान लागेल तेव्हाचं सोडून."

तिचे डोळे भरून आले. उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. चाळीस वर्षांत आनंदाने रडलेली मी तिला दोनदाच पाहिलीये. ही तिसरी वेळ. किती हुशारीने निवडलं, असं मनात येऊन मीही नाक पुसलं.

दुपारी पेरोगीला मात्र उशिराच निघाली, तीही पाय ओढत.

मंगळवार, १९ फेब्रुवारी. उणे चौदा. दुपारनंतर वादळ, वारा ताशी सत्तर.

हे सगळं नीट लिहायला पाहिजे.

दीड वाजता रेडिओवर वादळाचा इशारा आला. स्टेफी गाडी घेऊन गेलेली. अशा हवेत तिला एकटीने परत येऊ द्यायचं नाही म्हणून माझा जुना ट्रक काढला आणि चर्चच्या हॉलवर गेलो. आत सात-आठ बायका पिठात कोपरापर्यंत बुडालेल्या. मी विचारलं, "स्टेफी कुठाय?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग म्हातारी ओल्याना लाटणं खाली ठेवून म्हणाली, "स्टेफी? ती तर ऑक्टोबरपासून आलीच नाही, बाळा. आम्हाला वाटलं, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तुझं करावं लागत असेल."

मी बाहेर आलो. ट्रकमध्ये बसलो पण किल्ली फिरवता येईना. ऑक्टोबरपासून. आठवड्यातून दोनदा. डोक्यात पहिलं आलं ते दवाखाना. ओले केस, पायाचे गोळे, सुस्कारे, मला न सांगता रडणं. तिला काहीतरी झालंय आणि ती मला कळू देत नाहीये. दुसरंही आलं, लिहायला लाज वाटते, पण ही वही खोटं लिहायला नाही: कुणीतरी दुसरा. पासष्टाव्या वर्षी. हा विचार पहिल्यापेक्षा बरा वाटला, एवढंच लिहितो.

गावात दोनच मोठे रस्ते. दवाखान्यासमोर आमची गाडी नव्हती. हॉकीच्या मैदानामागे गावाचा झाकलेला पोहण्याचा तलाव आहे, तिथे होती. बेव्हच्या गाडीशेजारी.

आत गेलो तर क्लोरीनचा वास आला. घरी तिच्या अंगाला हाच वास येतो, आणि मी समजत होतो की पेरोगीनंतर बायका फरशी घासतात. काचेपलीकडे तलाव. कमरेएवढ्या पाण्यात बेव्ह उभी, शिट्टी गळ्यात. आणि तिच्यासमोर निळ्या पोशाखात, डोक्याला रबरी टोपी, दोन्ही हात पुढे पसरून, पाय सटासट आपटत माझी बायको. आठ-दहा हात यायची, थांबायची, कठड्याला धरून खोकायची, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मग पुन्हा वळायची आणि निघायची.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आत गेलो नाही. तिने माझ्यापासून जे लपवलंय ते तिचं आहे, एवढं मला कळलं.

आता माझंही एक लिहून टाकतो. पोरवयात मी पट्टीचा पोहणारा होतो. सतराव्या वर्षी डॉफिन तळं आरपार केलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही क्लियर लेकला गेलो, मी पाण्यात उडी मारली, अर्ध्या तासाने बाहेर आलो तर स्टेफी किनाऱ्यावर माझे बूट छातीशी धरून उभी होती, ओठ पांढरे. मी तिला सांगितलं की पाण्याने माझे कान दुखतात, आता पुन्हा काही पोहणार नाही. आणि नाही पोहलो.

घरी तिच्या आधी पोचलो. चहा ठेवला. ती आली, केस ओले.

"आज काय केलंत?" मी विचारलं.

"कोबीच्या," ती म्हणाली. "चारशे."

"चारशे! खांदे दुखत असतील मग."

तिने चमकून माझ्याकडे बघितलं. मी चहा ढवळत राहिलो.

बुधवार, २० फेब्रुवारी. वादळ ओसरलं.

बेव्हच्या दुकानात तिने मला बघताच हात वर केले. "माझं तोंड शिवलेलं होतं. तिने शपथ घातली होती."

"मला सांग कशी शिकली."

"पहिले तीन आठवडे बाकावर बसायची, कोट घालून, बूट घालून. नुसती बघायची. चौथ्या आठवड्यात बूट काढले. नाताळच्या सुमाराला गळ्यापर्यंत पाण्यात आली, तेव्हा आम्ही दोघी रडलो. आता अर्धा तलाव पार करते."

"पण का? या वयात?"

"ते तिला विचार."

"विचारणार नाही. आणि मला कळलंय हे तूही सांगू नकोस."

"झालं!" बेव्ह म्हणाली. "आता माझं तोंड दोन्ही बाजूंनी शिवलं."

मग मी म्हणालो, "बेव्ह, मला समुद्र दारात असलेली खोली पाहिजे. उथळ, शांत, लाटा कमी. आजच."

तिने टेबलावर डोकं ठेवलं. हासिएंडाचं बुकिंग रद्द होत नव्हतं, आणि त्या आठवड्यातली किनाऱ्यावरची सगळी हॉटेलं भरलेली. एकच खोली मी सांगतो तशी होती, 'बाया सेरेना' नावाच्या हॉटेलात, पायऱ्या उतरल्या की पाणी. पण ती आधीच गेलेली.

"कुणाकडे?"

"नेस्टरकडे. त्याच्या बायकोने घेतलीये."

शुक्रवार, २२ फेब्रुवारी. उणे वीस.

नेस्टरशी बोलणी. त्याला सांगितलं, तुझी खोली मला दे, माझी तू घे. आंब्याची बाग आहे.

"बारपर्यंत किती चालावं लागतं?"

मी चित्रांचं पुस्तक घेऊनच गेलो होतो. "बार खोल्यांच्या मधोमध. बारा पावलं."

"आणि समुद्र?"

"तीन किलोमीटर."

"म्हणजे वाळू नाही." तो गंभीर झाला. "माझ्या बायकोला काय सांगू?"

"सांग की ओरेस्टच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत."

"ते नाही चालणार. आमच्याला बेचाळीस झाली." मग बराच विचार करून म्हणाला, "वसंत येईपर्यंत माझ्या अंगणातला बर्फ तू काढायचास. आणि तुला हॉटेल आवडलं तर ते मी शोधलं असं म्हणायचं."

हस्तांदोलन केलं. आजच दोनदा त्याचं अंगण साफ केलं.

शनिवार, २३ फेब्रुवारी.

स्टेफीला सांगितलं, हॉटेल बदललंय, पहिल्या ठिकाणी डास फार आहेत.

"बरं." तिने बटाटे सोलणं थांबवलं नाही. "इथे समुद्र कुठाय?"

"दारातच. दुसरं काही मिळालं नाही गं. चालेल ना?"

ती माझ्याकडे पाठ करून नळाखाली बटाटे धुवायला लागली. तेच चार बटाटे कितीतरी वेळ धुतले.

"चालवून घेऊ," म्हणाली.

गुरुवार, ७ मार्च. उणे नऊ. छपरावरून थेंब पडायला लागले.

शेवटचा वर्ग होता (बेव्हकडून कळलं). स्टेफी गुणगुणत घरात आली, तीनदा वाढून घेतलं आणि एकटीच हसत होती. पुरा तलाव पार केला असणार. शाबासकी देता येईना, आणि दिल्याशिवाय राहवेना. शेवटी बेकरीत जाऊन चॉकलेटचा केक आणला.

"हा कशासाठी?"

"गुरुवार आहे म्हणून."

"तू मागच्या गुरुवारी नव्हता आणला."

"मागचा गुरुवार एवढा चांगला नव्हता."

ती केक खाताना माझ्याकडे अशी बघत होती की मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पेपर कालचा होता.

रविवार, १७ मार्च. अधिक एकोणतीस. अधिक!

काल संध्याकाळी पोचलो. मनगटाला हिरवी पट्टी बांधली, ती दाखवली की कुणी काही विचारत नाही, नुसतं वाढतात. टॉवेलचा हंस होता. टोरोंटोचा माणूस इथे सुखी झाला असता.

सकाळी न्याहारीनंतर स्टेफी अंगरखा गुंडाळून आली. "चल, जरा पाण्याच्या कडेने फिरू."

"तुला त्रास होईल."

"होईल तेव्हा बघू."

पायऱ्या उतरलो. पाणी हिरवट निळं, इतकं निवळ की आपल्याच पायाची बोटं मोजावीत. तिने अंगरखा काढून माझ्या हातात दिला, खाली तोच निळा पोशाख, आणि मी आश्चर्याचा चेहरा केला. चांगला सराव केला होता.

स्टेफी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पुरे झालं नाटक. त्या वादळाच्या दिवशी तू काचेला नाक लावून उभा होतास. तुला बघून मी अर्ध्या तलावाचं पाणी प्यायले."

"तुला दिसलो मी?"

"एवढी लाल टोपी गावात दुसऱ्या कुणाची आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते. चाळीस वर्षं झाली, तू काही बोलत नाहीस. कान दुखतात म्हणे!"

ती पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "क्लियर लेकमधून बाहेर आलास तेव्हाचा तुझा चेहरा तुला ठाऊक नाही, ओरेस्ट. मला ठाऊक आहे. आपल्या लग्नातसुद्धा तू एवढा खूश नव्हतास. नंतर माझ्याकडे बघितलंस आणि तो चेहरा गेला. परत कधी आला नाही. दोन वर्षांपूर्वी तू निवृत्त झालास, दिवसभर खिडकीत बसायला लागलास, तेव्हा मी ठरवलं की तो चेहरा तुला परत द्यायचा. मी काठावर बूट धरून उभी असले की तू पाण्यात उतरणार नाहीस, मग मीच आत गेलेलं बरं."

"स्टेफी, तू घाबरली नाहीस?"

"आत्ताही घाबरलेय. धर हात."

वीस मिनिटं लागली. घोट्यापर्यंत आलो, थांबलो. गुडघ्यापर्यंत आलो, ती परत मागे गेली, वाळूत बसली, उठली, आली. कमरेपर्यंत आल्यावर तिने माझा हात सोडला, श्वास घेतला आणि पुढे झेपावली. दहा हात. पंधरा. मग तोंड वर काढून किंचाळली.

"शी! केवढं खारट आहे हे! मला कुणी सांगितलं का नाही?"

आम्ही दोघंही गव्हाच्या मुलखातले, समुद्र कधी तोंडात गेला नव्हता. मी चाखून बघितला. खरंच फार खारट. मग मीही मोठ्या ऐटीत सूर मारला. चाळीस वर्षं, वाढलेलं पोट, नवा गुडघा. छोटीशी लाट आली आणि तिने मला उलटं केलं. नाकातोंडात पाणी, वर कुठे खाली कुठे कळेना. कुणीतरी दंडाला धरून वर ओढलं.

"पाय आपट," स्टेफी म्हणाली. "गुडघ्यातून नाही, कमरेतून. पालथा पडून सराव कर. मलम मी चोळते."

सोमवार, १८ मार्च. अधिक तीस.

दुपारी पाण्यात उताणे पडून होतो, दोघं शेजारी शेजारी. स्टेफी एकदम म्हणाली, "पेत्रोने एकदा ईस्टरच्या आदल्या दिवशी शेजारच्यांचं डुक्कर निळ्या रंगाने रंगवलं होतं. कुंपणाचा रंग. ते डुक्कर मिरवणुकीत शिरलं, थेट फादरच्या पुढे. आणि फादर म्हणाले, देवाची लीला अगाध आहे."

ती हसायला लागली. हसताना बुडायला लागली, तेव्हा मी तिच्या पाठीखाली हात दिला, तरी हसतच होती. "वडिलांनी छडी काढली तर म्हणाला, मी नाही, ते आधीपासूनच निळं होतं."

मग अजून दोन गोष्टी सांगितल्या. मी चाळीस वर्षं पेत्रो म्हणजे एक तळं आणि बुटांची जोडी एवढंच समजत होतो. हा पोरगा फारच वात्रट होता. मला तो आवडला असता.

संध्याकाळी तमाराला फोन केला. "टाटो, आईला हॉटेल आवडलं का?" मी म्हणालो, "हॉटेल नेस्टरने शोधलंय." शब्द म्हणजे शब्द.

मंगळवार, १९ मार्च. अधिक एकोणतीस, मंद वारा पूर्वेकडून.

हे किनाऱ्यावर बसून लिहितोय. जेवणाची वेळ होऊन गेली, कोळंबी संपत आली असेल. स्टेफी बाहेर यायला तयार नाही. "तू जा, मी आलेच," असं तिसऱ्यांदा म्हणाली. मी गेलेलो नाही. दर ओळीनंतर मान वर करून निळा ठिपका जागेवर आहे ना बघतो. आहे.

शेजारच्या खुर्चीवर ससकॅटूनची एक बाई विणकाम करत बसलीये. एवढ्या उन्हात लोकर. मघापासून तीही पाण्याकडे बघत होती.

"त्या तुमच्या कोण?" तिने विचारलं.

"बायको."

"छान पोहतात हो. लहानपणापासून पोहत असतील?"

"नाही," मी म्हणालो. "ऑक्टोबरपासून."

तिचा टाका सुटला. "आणि तुम्ही? तुम्ही नाही जात?"

पाण्यातून स्टेफीने माझ्या नावाने अशी हाक मारली की अख्ख्या किनाऱ्याने वळून बघितलं. मी त्या बाईला विचारलं, जरा ही वही सांभाळाल का? म्हणाली, सांभाळते की. आता देतोय तिच्याकडे.